पोटमाळ्याची खोली: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते डिसेंबर २०२४

१३ जानेवारी २०२४

आज पहिल्यांदा टेप आणि विजेरी घेऊन माळ्यावर चढलो. घर लंडनच्या वायव्येला, रेनर्स लेनच्या बाजूचे, मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आधाराने १९३० च्या दशकात वसलेल्या उपनगरांपैकी एकातले. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि दुसऱ्या बाजूला बोळ आहे. छपराला पुढे, मागे आणि बोळाच्या बाजूला अशी तीन पाखी आहेत. या तिसऱ्या पाख्यामुळे माळ्यावर ताठ उभे राहता येईल अशी जागा मधोमध जेमतेम एका खाटेएवढी उरते.

जुन्या कड्यांच्या माथ्यापासून आढ्याच्या खालच्या कडेपर्यंत २.६५ मीटर उंची भरली. ही उंची तशीच हाती राहणार नाही, हे आजच लिहून ठेवतो. नवी जमीन जुन्या कड्यांपेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर वर येईल, छताखाली उष्णतारोधक थर आणि प्लास्टरबोर्ड बसेल, आणि शेवटी २.३ मीटरच्या आसपास उंची मिळेल. तेवढी पुरेशी आहे. साताऱ्याहून आईने फोनवर विचारले, की माळ्यावर हंडे-कळश्या ठेवायच्या सोडून माणसे कशाला ठेवायची. घरात तीन खोल्या आणि पाच माणसे आहेत, एवढेच उत्तर माझ्याजवळ होते.

४ फेब्रुवारी २०२४

तीन आठवड्यांत ओळखीच्या चार जणांनी मला सांगितले, की माळ्याच्या खोलीला परवानगी लागत नाही. हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्यात लोक अडकतात. इंग्लंडमध्ये नियोजन परवानगी आणि इमारत नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाहेरून घर कसे दिसेल आणि आजूबाजूला काय परिणाम होईल ते पाहते. दुसरी घर उभे राहील का, पेटल्यास माणसे बाहेर पडतील का, उष्णता टिकेल का, हे पाहते. पहिलीतून सवलत मिळाली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

सवलतीची मर्यादा घनफळावर आहे: दोन्ही बाजूंनी जोडलेल्या घराला छपराची वाढ ४० घनमीटरपर्यंत, आणि स्वतंत्र किंवा एका बाजूने जोडलेल्या घराला ५० घनमीटरपर्यंत. आमचा बेत दुहेरी आहे. बोळाकडचे पाखे काढून तिथे त्रिकोणी भिंत आढ्यापर्यंत उभी करायची, आणि मागच्या पाख्यावर सपाट माथ्याची पेटीसारखी वाढ काढायची. घराची पुढून मागपर्यंतची लांबी ७.६ मीटर, छपराची उंची ३ मीटर आणि बाजूच्या पाख्याची आडवी लांबी ३.६ मीटर, यांच्या गुणाकाराला ६ ने भागले, की १३.७ घनमीटर येतात. मागची पेटी ५.६ मीटर रुंद, २.५ मीटर उंच आणि ३.२ मीटर खोल, पण पाख्याच्या उतारामुळे तिचे निम्मेच घनफळ नवे, म्हणजे २२.४. एकूण ३६.१ घनमीटर. आधीच्या मालकाने छपराला हात लावलेला नाही, हेही तपासले, कारण त्याने केलेली वाढसुद्धा याच हिशेबात धरली जाते.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. रस्त्याकडच्या पाख्याच्या पुढे काहीही येता कामा नये, आढ्याच्या वर काही जाता कामा नये, मागची पेटी वळचणीपासून किमान २० सेंटिमीटर आत हवी (आमची ५० आहे), कौले जुन्यांसारखी दिसावीत, आणि बाजूच्या भिंतीतली खिडकी धूसर काचेची व जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली न उघडणारी असावी. परवानगी लागत नसली तरी कायदेशीर विकासाचे प्रमाणपत्र मागवायचे ठरवले. पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तेच मागतो.

२२ फेब्रुवारी २०२४

संरचना अभियंता येऊन गेले. त्यांनी एका कडीवर बोट ठेवून सांगितले, की हिने नव्वद वर्षे फक्त खालच्या खोलीचे छत धरून ठेवले आहे, जमीन कधीच पेलली नाही. घरातल्या जमिनीला दर चौरस मीटरवर १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दीडशे किलो, इतका वापराचा भार धरावा लागतो. चार इंच उंचीच्या या कड्या तो घेणार नाहीत. त्यांच्या मधून, त्यांना न टेकता, १९५ मि.मी. उंचीच्या नव्या कड्या दर ४०० मि.मी.वर टाकायच्या आणि त्या दोन पोलादी तुळयांवर पेलायच्या. नव्या कड्यांची खालची कड जुन्या छतापासून २५ मि.मी. वर राहील, म्हणजे वर चालताना त्या वाकल्या तरी खालच्या गिलाव्याला तडे जाणार नाहीत. तिसरी तुळई आढ्याखाली. वाड्यात वाढलेल्या माणसाला कड्या, तुळया, वासे, आढे हे सगळे शब्द ओळखीचे असतात. फरक एवढाच, की इथे प्रत्येक तुळईमागे गणिताची आठ पाने जोडावी लागतात.

९ मार्च २०२४

तुळयांचे एक टोक शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक भिंतीत बसणार आहे. त्यामुळे १९९६ च्या सामाईक भिंत कायद्याखाली काम सुरू होण्याच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजारी गुजराती काका-काकू आहेत आणि आमचे संबंध वाटीतून भाजी जाण्या-येण्याचे आहेत, म्हणून नोटीस हातात द्यायला संकोच वाटला. तरीही ती दिली. नोटिशीबरोबर नकाशाही दिला आणि तुळई त्यांच्या बाजूला बाहेर येणार नाही, हे चहा घेताना समजावून सांगितले.

२ एप्रिल २०२४

काका दुसऱ्याच आठवड्यात राजकोटला गेले आणि नोटीस टेबलावर राहिली. चौदा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर कायदा ते मौन संमती मानत नाही. वाद उत्पन्न झाला असे मानतो. आपल्याकडे मौनाचा अर्थ नेमका उलटा लावतात, त्यामुळे मी निश्चिंत होतो. काकांशी फोनवर बोलून दोघांनी मिळून एकच सर्वेक्षक नेमायचे ठरवले. त्याचे शुल्क माझ्याकडे आहे, आणि काम माझे असल्यामुळे ते योग्यच आहे.

काका परत आल्यावर सर्वेक्षकाने त्यांच्या प्रत्येक खोलीची छायाचित्रे घेतली. मागच्या शयनगृहाच्या छतावर, खिडकीपासून दिव्यापर्यंत गेलेली केसासारखी एक तड होती. तिच्याजवळ पट्टी धरून फोटो काढला आणि अहवालात लांबी व रुंदी नोंदवली. ती तड आजवर काकांनीही पाहिली नव्हती.

१९ एप्रिल २०२४

विकासाचे प्रमाणपत्र हाती आले. आज इमारत नियंत्रणाकडे संपूर्ण नकाशांसह अर्ज केला. दुसरा मार्ग नुसत्या सूचनेचा आहे: अर्ज टाकायचा, दोन दिवसांनी काम सुरू करायचे आणि निरीक्षक येईल तेव्हा जे सांगेल ते करायचे. ठेकेदाराचा कल तिकडे होता, कारण त्यात नकाशांचा खर्च कमी येतो. मी नकार दिला. भिंत उभी राहिल्यावर ‘ही चालणार नाही’ असे ऐकण्यापेक्षा पाच आठवडे थांबून कागदावर ऐकणे स्वस्त पडते.

ऑक्टोबर २०२३ पासून नियमांत आणखी एक बदल झाला आहे. घरमालक, मुख्य रचनाकार आणि मुख्य ठेकेदार यांची कर्तव्ये आता लेखी नेमून दिलेली असतात. ‘मला काय कळते, ठेकेदार पाहील’ असे म्हणून मालकाला अंग काढून घेता येत नाही.

२१ मे २०२४

तपासणी अधिकाऱ्याचे पत्र आले. तुळया, कड्या, छप्पर यांबद्दल दोन किरकोळ प्रश्न आहेत. बाकी सगळे पत्र तळमजल्याबद्दल आहे.

कारण असे, की दुमजली घरात आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर पडता येते असे नियम धरून चालतात. जमिनीपासून ४.५ मीटरपेक्षा उंच मजल्याला ही सोय मान्य नाही. आमच्या माळ्याची जमीन ५.२ मीटरवर येते. म्हणून माळ्यापासून रस्त्याकडच्या दारापर्यंतचा संपूर्ण जिना आगीपासून सुरक्षित हवा: दोन्ही बाजूंच्या भिंती अर्धा तास आग अडवणाऱ्या, आणि जिन्याच्या वाटेवर उघडणारे प्रत्येक खोलीचे दार आगरोधक. संडास-न्हाणीघराला यातून सूट आहे.

आमच्या घरात ही वाट अस्तित्वातच नाही. आधीच्या मालकाने प्रवेशाची बोळकांडी आणि पुढची बैठक यांच्यामधली भिंत पाडून मोठी खोली केली होती आणि हे घर घेताना आम्हांला नेमकी तीच आवडली होती. जिना थेट बैठकीत उतरतो. सोफा पेटला, तर माळ्यावरचा माणूस धुरातच खाली येईल.

मार्ग तीन होते. भिंत पुन्हा उभारणे. तळमजल्यावर पाण्याचे फवारे बसवून वरचा जिना आगरोधक भिंतीने वेगळा करणे. किंवा जिन्याच्या पायथ्याशी एकमेकांपासून आगरोधक भिंतीने तोडलेल्या दोन वाटा काढणे, एक पुढच्या दाराकडे आणि एक मागच्या. तिसऱ्याला जागा नाही आणि दुसऱ्याला लागणारा पाण्याचा दाब व टाकी यांचा खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. भिंत परत येणार. मोठ्या खोलीत गणपतीला पस्तीस माणसे बसत होती; आता पंचवीस बसतील.

ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ही भिंत नव्हती आणि दारेही नव्हती. त्याने माळ्याचा भाव दिला होता. मी माळ्याचाच मागितला होता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

१० जून २०२४

काम सुरू झाले. परांची बांधून वर तात्पुरते पत्र्याचे छप्पर घातले आहे. माळ्यावरची पाण्याची जुनी टाकी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटची असल्याचा संशय होता. नमुना तपासून घेतला, संशय खरा निघाला आणि परवानाधारक लोकांनी ती अखंड उतरवून नेली. इथे हा पदार्थ १९९९ अखेरपर्यंत वापरात होता, त्यामुळे जुन्या घरात टाकी असो वा छतावरचा खडबडीत नक्षीचा लेप, फोडण्यापूर्वी तपासणे भाग आहे.

२७ जून २०२४

तुळया चढल्या. लांबी ६.१ मीटर आणि वजन मीटरला ३१ किलो, म्हणजे एकेक तुळई १८९ किलोची. ती अखंड वर नेणे शक्य नव्हते, म्हणून अभियंत्याच्या आरेखनाप्रमाणे दोन तुकडे करून वरच पट्ट्या आणि बोल्टने जोडले. सामाईक भिंतीत तुळईच्या टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा बसवला, कारण नुसत्या विटेवर एवढा भार टेकला तर ती वीट चुरते. निरीक्षकाने प्रत्येक बोल्ट मोजला आणि ठोकळ्याभोवतीचा मसाला स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. तुळया झाकण्याआधी त्याला बोलावले होते, हे बरे झाले.

८ जुलै २०२४

आज कड्या दाखवल्या. खालच्या खोल्यांची छते जुन्या पद्धतीची आहेत, लाकडी पट्ट्यांवर लिंपलेल्या गिलाव्याची. आग लागली तर हा गिलावा लवकर गळून पडतो आणि मग नवी जमीन उघडी पडते. छते फोडून प्लास्टरबोर्ड लावण्याऐवजी निरीक्षकाने जाळीचा मार्ग मान्य केला: कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी कड्यांना खिळून तिच्यावर १०० मि.मी. जाडीची खनिज लोकर अंथरायची, म्हणजे खालचे छत कोसळले तरी लोकर जागेवर राहते. हीच लोकर आवाजही अडवते. नियमाला शयनगृहांमधल्या जमिनीतून ४० डेसिबलची घट हवी असते आणि मुलाच्या तबल्यामुळे आम्हांला तर त्याहून जास्त हवी आहे.

दुपारी एका कामगाराचा पाय कड्यांच्या मधून घसरला आणि आमच्या शयनगृहाच्या छताला ताटाएवढे भोक पडले. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पलंगावर मात्र नव्वद वर्षांची काजळी पडली.

२५ जुलै २०२४

या कामातली सगळ्यात वाईट वाटलेली दुपार आजची.

पुढच्या पाख्याचे वासे १०० मि.मी. खोल आहेत आणि कौलांखाली जुने डांबरी कापड आहे. त्यातून बाष्प बाहेर जात नाही, म्हणून कापड आणि उष्णतारोधक फळी यांच्यामध्ये ५० मि.मी. मोकळी हवा खेळती राहिली पाहिजे. ती राहिली नाही, तर घरातली दमट हवा थंड कापडावर पाणी होऊन वाशांवर ठिबकते आणि लाकूड कुजते. जुन्या पाख्याला उष्णता-गळतीचा आकडा ०.१६ पर्यंत उतरवायचा, तर एवढ्या वाशांत फळी मावत नाही. म्हणून वाशांना खालून ५० मि.मी.च्या पट्ट्या जोडून त्यांची खोली १५० केली होती: वर ५० हवा, मध्ये १०० फळी, आणि वाशांच्या खालून सलग ६० मि.मी. फळी.

कागदावर हे बरोबर होते. वर फळ्या बसवणाऱ्या माणसाने त्या घट्ट बसाव्यात म्हणून ठोकून ठोकून वर सरकवल्या होत्या. निरीक्षकाने वळचणीकडून विजेरी मारली, एक घडीची पट्टी आत सरकवली आणि मला पाहायला बोलावले. पट्टी वीस मिलिमीटरवर अडली. शेजारच्या गाळ्यात पस्तीसवर. असे पाच गाळे निघाले. खालचा सलग थर अर्धा लागून झाला होता, तो सगळा उतरवावा लागला. ठेकेदाराचे म्हणणे असे, की इतक्या वर्षांत कोणी पट्टी घालून पाहिली नव्हती. मी त्यावर काही बोललो नाही. आता प्रत्येक गाळ्यात दोन्ही बाजूंना ५० मि.मी.च्या आडकाठ्या खिळल्या आहेत, म्हणजे फळीला वर सरकायला वावच नाही.

१३ ऑगस्ट २०२४

जिना. एका मजल्याच्या जमिनीपासून दुसऱ्यापर्यंत २.६२ मीटर, तेरा चढ, म्हणजे प्रत्येक चढ २०१.५ मि.मी. नियमाला २२० पर्यंत चालतो. पायरीची रुंदी किमान २२० हवी आणि सुताराने तेवढीच धरली होती. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बरोबर होते. पण घरातल्या जिन्याचा उतार ४२ अंशांपेक्षा तीव्र असता कामा नये, आणि २०१.५ ला २२० ने भागले, की कोन साडेबेचाळीस अंशांच्या जवळ येतो. रुंदी २२५ केली, की तो ४१.९ होतो. पाच मिलिमीटर म्हणजे नखाची रुंदीही नाही, पण वळणानंतरच्या सरळ भागात नऊ पायऱ्या आहेत, त्यामुळे जिना ४५ मि.मी. पुढे सरकला आणि लहान शयनगृहाच्या चौकटीवर चढला. चौकट हलवली.

जिन्यावर डोक्याशी एरवी दोन मीटर उंची लागते; माळ्याच्या बाबतीत मधोमध १.९ आणि कडेला १.८ मीटर चालते. आमची मधोमध १.९३ भरली. बोळाकडचे पाखे काढून त्रिकोणी भिंत का उभी केली, याचे खरे उत्तर या १.९३ मध्ये आहे. जुन्या पाख्याखाली हा जिना वर चढलाच नसता.

७ सप्टेंबर २०२४

आज गणेश चतुर्थी. नवी भिंत उभी आहे, तिला रंग नाही, आणि गणपती तिच्यासमोर बसला आहे. मजल्यामजल्यावर सात आगरोधक दारे आली आहेत: माळ्याचे एक, शयनगृहांची तीन, बैठक, जेवणघर आणि स्वयंपाकघर. प्रत्येक दार ४४ मि.मी. जाड, तीन बिजागऱ्यांवर टांगलेले, आणि कडेला खोबणीत एक पट्टी बसवलेली. ही पट्टी उष्णतेने फुगते आणि दार व चौकट यांच्यातली फट बुजवते. म्हणून ती फट मुळात तीन मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असली तर पट्टी पुरत नाही. जुन्या घराच्या चौकटी काटकोनात नसतात, त्यामुळे सुताराचे चार दिवस त्यात गेले.

धुराचे सूचक तिन्ही मजल्यांवर, घरच्या विजेवर चालणारे, बॅटरीचा आधार असलेले आणि एकमेकांना जोडलेले. एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरात विद्युततंत्री धुराचाच लावणार होता. त्याला थांबवून उष्णतेचा लावून घेतला. सुक्या मिरचीच्या फोडणीने तिन्ही मजले रोज सकाळी जागे झाले असते आणि आठवड्याभरात कोणीतरी तारा उपटून टाकल्या असत्या.

१८ ऑक्टोबर २०२४

अंतिम तपासणी. न्हाणीघराचा पंखा सेकंदाला १५ लिटर हवा खेचतो, त्याचा मोजणीचा कागद दाखवला. वीजकामाचे, खिडक्यांचे कागद दाखवले. सांडपाण्याच्या नळाचे वरचे तोंड जवळच्या खिडकीच्या ९०० मि.मी. वर आहे, हे निरीक्षकाने बाहेरून पाहिले.

मग त्याने पिशवीतून १०० मि.मी. व्यासाचा चेंडू काढला आणि जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून तो ढकलून पाहिला. सगळीकडे अडला. वळणाशी, जिथे पायरी तिरकी जाते आणि शेवटचा गज भिंतीपासून जरा दूर आहे, तिथे तो अलगद पलीकडे गेला आणि टपटप करत खालपर्यंत उतरला. लहान मुलाचे डोके जाऊ नये म्हणून हा चेंडू असतो. आणखी एक गज हवा. स्वयंपाकघराच्या दाराची वरची फटही सहा मिलिमीटर निघाली.

६ नोव्हेंबर २०२४

गजाचा आणि दाराचा फोटो पाठवला, निरीक्षक पाच मिनिटांसाठी येऊन गेला. मी, रचनाकार आणि ठेकेदार यांनी काम नियमांना धरून झाल्याचे आपापले निवेदन सही करून दिले. संध्याकाळी पूर्णतेचे प्रमाणपत्र आले. एक पानाचा कागद आहे. अभियंत्याची गणिते, सर्वेक्षकाचा अहवाल आणि दारांच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो त्याच्यासोबत एकाच फायलीत लावले.

८ डिसेंबर २०२४

सर्वेक्षकाबरोबर काकांकडे गेलो. शयनगृहाच्या छतावरची तड पट्टी धरून पुन्हा मोजली. लांबी तीच, रुंदी तीच. नवी तड कुठेही नाही. सर्वेक्षकाने दोघांच्या सह्या घेऊन प्रकरण मिटवले.

चहा घेताना काकांनी त्यांच्या माळ्यावर अशी खोली होईल का, असे सहज विचारले. छप्पर आमच्यासारखेच आहे, घनफळही बसेल. बाहेर पडताना त्यांच्या प्रवेशाची बोळकांडी पाहिली. भिंत जागेवर आहे.